अप्पांच्या पट्ट्याचे ठोके

मंगळवार, दिवेलागणीनंतर

दादाला सांगावं की नाही, कळत नाही. आधी लिहून काढते.

अप्पांना जाऊन महिना झाला. त्यांचा बंद पडलेला फोन आज फोटोंसाठी चार्ज करून चालू केला, तर पडद्यावर आलं, 'अप्पांचा पट्टा जोडला गेला.' खाली हृदयाचे ठोके, ब्याऐंशी.

ठोके मोजणारा मनगटावरचा तो पट्टा दवाखान्यात चोरीला गेला असंच आम्ही धरून होतो. दादानं तिथं केवढा तमाशा केला. अप्पांचं अंग पुसणाऱ्या मावशींवर आळ घेतला. त्यांचं काम गेलं.

पट्टा दहा-बारा पावलांपलीकडच्या फोनला सापडत नाही. अंगणात गेले, ठोके गायब. अप्पा गेल्यापासून अव्वा एकटीच झोपते त्या खोलीशी आले, पुन्हा ब्याऐंशी. म्हणजे घरातच?

अव्वा पलंगावर बसली होती. मी फोन दाखवला. तिनं गुमान बाही वर केली. बांगड्या उतरवलेल्या हातात पट्टा.

"दवाखान्यात मीच काढून घेतला," म्हणाली. "बांगड्या गेल्या तसा हात लई मोकळा वाटाय लागला, म्हणून घातला. चार्जिंगला बी मीच लावते."

मला भरून आलं. तिच्याजवळ बसलेसुद्धा. मग मावशी आठवल्या.

"दादा त्यांच्यावर ओरडत होता तेव्हा तू तिथंच होतीस की, अव्वा."

ती भिंतीकडे बघत राहिली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. माझ्या हातातल्या फोनवर मात्र अप्पांच्या नावाखाली ठोके चढत होते. शंभर. एकशे दहा. एकशे अठरा.