‘मल्लू आलाय’ असं मी सांगितलं

१२ फेब्रुवारी १९७४, मंगळवार. सोलापूर.

शूटिंगचा चौथा दिवस. बाळीवेशीतली आमचीच बोळ. दिग्दर्शक आप्पांना ही जागा मी सुचवली. सेकंड असिस्टंटला तेवढीच फुशारकी. कॅमेरा काशव्वा मावशीच्या दारासमोर. आई गेल्यावर मी याच दारात वाढलो, मावशीच्या हातचं खाऊन, तिच्या मल्लूबरोबर एका ताटात जेवून.

सीन छोटा. आठ वर्षांनी मुलगा परत येतो, टांग्यातून उतरतो, आई धावत जाते. आईचं काम करणाऱ्या बाई आल्याच नाहीत. तारखांचा घोळ, बाई दुसऱ्याच कंपनीच्या सेटवर. हिरो संध्याकाळच्या गाडीनं जाणार, परत तारीख नाही. उन्हं कलायला लागली. आप्पांच्या तोंडाचा पट्टा सुटलेला. तेवढ्यात त्यांची नजर मावशीवर गेली. युनिटसाठी कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी घेऊन उभी होती बिचारी. “ही! हाच चेहरा पायजे. बसवराज, उभी कर हिला.”

मावशी हसतच सुटली. पदर तोंडाला. “ह्या गोऱ्या पोराला मी काय म्हनून कवटाळू रं बसू? लाज वाटती की!” तीन टेक फुकट. रीळ संपत आलेलं. आप्पा माझ्या कानाशी आले. “तुझी मावशी न्हवं? मग काढ की लेका काय ते तिच्यातनं. न्हाईतर बॅग भर.”

मी तिला दाराआड नेलं आणि तिला

नाही लिहवत. उद्या.

१३ फेब्रु., बुध.

लिहितोच. मी म्हणालो, “मावशी, मल्लू आलाय. आत्ता स्टेशनवर भेटला. तोंड दाखवायला लाजत होता, मीच टांग्यात बसवून दिला. टांगा बोळीच्या तोंडाशी आला बघ.”

तिचा मल्लू आठ वर्षांपूर्वी घरातून गेला तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. कथेतला आठाचा आकडा कुठून आला हे आप्पांना ठाऊक नाही. तोही मीच सुचवला होता.

मावशीनं काही म्हणजे काही विचारलं नाही. अनवाणी पळाली. हिरो उतरला. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात समोरून ऊन. दोन्ही हातांत त्याचं तोंड धरलं. “बंद्येनप्पा? मल्लू, बंद्येनप्पा?” आमच्यात घरात कन्नड, बाहेर मराठी. जीव कळवळला की तोंडात कन्नडच येतं. आलास का रे, आलास का रे, एवढंच म्हणत होती. मग तिचा हात त्याच्या डाव्या कानामागे गेला. मल्लूला तिथं लहानपणी भाजल्याची खूण आहे. हात तिथं फिरला, परत फिरला, थांबला. मग तिनं हिरोची कॉलर नीट केली आणि एक पाऊल मागं सरली.

“कट! वा रे माझ्या वाघा!” हे मला. तिला नव्हे. सगळ्या युनिटनं टाळ्या पिटल्या. मीही. दोन-तीनच, पण वाजवल्या.

मग चुलीपाशी जाऊन म्हटलं, मावशी, मला तसाच वाटला गं, गर्दीत चुकलो. एक खोटं झाकायला दुसरं. ती म्हणाली, “आसू दे रं. डोळं हायत, चुकत्यात. माझं न्हाईत का चुकलं? जेवलास का?” जेवलो. दोन भाकऱ्या हाणल्या. थू माझ्या जिनगानीवर.

१७ फेब्रु., रवि. कोल्हापूर.

धुऊन आलेल्या रशेस पाहिल्या. दिवे लागले. कॅमेरामन दादांनी डोळे पुसले. “तो कॉलरचा हात कुणी सांगितला म्हातारीला?” आप्पांनी माझ्याकडं बोट केलं. पुढच्या पिक्चरला मी चीफ असिस्टंट! नऊ वर्षं ज्याच्यासाठी टाचा घासल्या ते हे असं मिळालं. मंडळी पेढे मागतायत.

२० मे, सोम.

घ्या. देव देतो तेव्हा असं देतो.

बाहेरच्या शूटिंगचा आवाज नंतर भरायचा असतो. त्या शॉटला मावशी कन्नडात बोललेली, वर घोड्याची घुंगरं, गिरणीचा भोंगा. डबिंगच्या बाईंनी आज चारदा रडून दाखवलं. आप्पा म्हणाले, “ओठावर बसतंय बाई, चेहऱ्यावर बसत न्हाई.” मावशीचाच आवाज हवा. ‘आलास व्हय रं? मल्लू, आलास व्हय?’ असं. ओठ जुळावेत म्हणून हिरोच्या पात्राचं नाव आता मल्लू. बाकीच्या सगळ्या रिळांतलं जुनं नाव डबिंगमध्ये बदलायचं. चित्र चोरून आणलं, आवाज चोरायचा राहिला होता.

आणायला कोण जाणार? मीच. रेल्वेचा संप, गाड्या बंद. एस.टी.

२३ मे, गुरु.

मावशी आली. काही का विचारू नये बाईनं? नवं लुगडं नेसून बसलीच एस.टी.त.

डबिंगला तेवढ्याच फिल्मची दोन टोकं जोडून लूप करतात. तो फिरत राहतो, बोलणं ओठावर बसेपर्यंत. टांगा येतो, तो उतरतो, ती धावते, कॉलर, मागं सरते. परत टांगा येतो. मला वाटलं, आता ती उठून जाईल, निदान माझ्या मुस्काटात देईल. तिनं खुर्ची पडद्याजवळ ओढायला लावली. पहिले काही फेरे नुसती बघत राहिली. मग बोलली. पहिल्या झटक्यात बसलं! आप्पा ओरडले, “ओके! झालं मावशी, लई झ्याक!”

“पुन्ना लाव की.”

“अहो, झालं. घरी जायचं आता.”

“व्हय, जाऊ की. पर लाव.”

अकरा वेळा लावला. अकराही वेळा ती म्हणाली, “आलास व्हय रं?” आत बसलेल्या साउंडवाल्यानं शेवटी कानावरचं काढून ठेवलं आणि काचेतून माझ्याकडं बघत राहिला. त्याला काय ठाऊक? पण बघितलं त्यानं.

२४ मे, शुक्र.

तिला सोलापूरला पोचवलं. वाटेत म्हणाली, “त्यो गोरा पोरगा लांबनं अगदी मल्लूवानी दिसतोय रं. तुजी काय चूक न्हाई. उगा मनाला लावून घेतलंस, वाळलास किती.” मिरज आल्यावर सांगू म्हटलं. मग सांगोला आल्यावर. मग सोलापूर आलं.

आणखी एक, जे वहीतही कधी लिहिलं नाही. घर सोडून मल्लू आधी माझ्याकडंच आला होता. माझं बढाईचं पत्र त्याच्या खिशात: ‘इथं माझ्या शब्दाला मान आहे.’ मान कसला, चहाच्या किटल्या उचलत होतो तेव्हा. चार दिवस राहिला खोलीवर. पाचव्या दिवशी मी विचारलं, मल्लू, किती दिवस आहेस? हसला. म्हणाला, “हे काय, निगालोच की.” त्यानंतर मलाही दिसला नाही.

४ ऑक्टो., शुक्र.

पिक्चर लागलं. सोलापुरात हाऊसफुल. टांग्याच्या सीनला बायका हुंदके देतात म्हणे.

२२ ऑक्टो., मंगळ.

मावशीचं पत्र. तिला लिहिता-वाचता येत नाही, बोळीतल्या मठपती मास्तरांच्या हातचं. ‘काशीबाई रोज तीनच्या खेळास जातात. टांगा येऊन गेला की उठून घरी येतात, पुढील भाग पाहत नाहीत. दारावरचा मनुष्य आता तिकीट मागत नाही. तुमची आठवण काढतात.’

चार वेळा वाचलं.

१६ नोव्हें., शनि. मुंबई.

नव्या पिक्चरच्या तयारीसाठी इथं. आज सिनेमाच्या साप्ताहिकात आप्पांची मुलाखत. आप्पांबरोबर माझा फोटो, मी दात काढून हसतोय. ‘आमचा चीफ बसवराज भलताच पोचलेला गडी. म्हातारी काही केल्या रडेना. यानं सांगितलं, तुझा हरवलेला पोरगा आलाय टांग्यातून! म्हातारी ही अशी पळाली. असा शॉट विलायतेतसुद्धा मिळायचा नाही.’

ऑफिसात सगळे पाठ थोपटतायत. आमच्या धंद्यात हे शौर्य. लहान पोराला चिमटा काढून रडवलं, ग्लिसरीन संपलं तेव्हा हिरॉईनला मुद्दाम शिव्या दिल्या, असले किस्से दारूबरोबर चघळतात. मीही चघळलेत. कुणाच्या तरी आई-मावशीचे होते ते, एवढंच. आणि हा किस्साही आप्पांना अशाच एका बैठकीत मीच सांगितला होता.

बाळीवेशीच्या वाचनालयात हे साप्ताहिक सोमवारी येतं. मास्तर तिला वाचून दाखवणार, कौतुकानंच दाखवतील, आपल्या बसूचं नाव छापून आलंय म्हणून. त्याच्या आधी मी पोचलं पाहिजे. आप्पांना पोट बिघडल्याची थाप मारली. थापांचा हात बसलाय आता.

१८ नोव्हें., सोम. सोलापूर.

गाडी उशिरा. घाईत स्टेशनवरून टांगा केला. अक्कल बघा माझी! घोड्याची घुंगरं बोळीत वाजली आणि मावशी दारातून अनवाणी धावत आली. चाकाला हात लावून थांबली. डोळे बारीक करून बघितलं. “तू व्हय. ये, ये.” हसली. माझीही कॉलर नीट केली.

वाचनालयात जाऊन आलो. अंक आलाय. मधलं पान नाही. ग्रंथपाल म्हणाला, “फाडलं वाटतं कुणीतरी, साहेब. तुमचाच फोटो होता की त्यात.” मास्तर अक्कलकोटला गेलेत. कुणाला विचारू?

दुपारी मावशी म्हणाली, “चल, तीनचा खेळ हाय.” सातवा आठवडा, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. ठरवूनच बसलो, टांगा यायच्या आत सांगायचं. तिचा हात धरला. “मावशी, त्या दिवशी मी तुला जे...”

“गप.”

“अगं ऐक तरी. त्या दिवशी मल्लू...”

“गप बस रं बसू! टांगा यायचाय.”

टांगा आला. पडद्यावर ती धावली. खुर्चीतली ती ओठांतल्या ओठांत म्हणाली, “बंद्येनप्पा?” पडद्यावर मराठी, तिच्या तोंडी कन्नड. हात कानामागे जायच्या आत तिनं डोळे मिटले. म्हणजे ते ती बघतच नाही. आलेला तेवढा बघते.

मग उठली. बाहेर उन्हात आल्यावर परत तोंड उघडलं मी, तर म्हणाली, “भूक लागली आसंल तुला.”

१९ नोव्हें., मंगळ. कुर्डुवाडी स्टेशन, दु. २.

सकाळी निघालो. नाही सांगितलं. भित्रा तो भित्राच. तिनं भाकरी बांधून दिली. दारात उभी राहून म्हणाली, “पुडल्या येळंला टांग्यानं येऊ नगंस रं. चालत ये. टांगा वाजला की जीव खालवर हुतो.” बरं म्हणालो.

कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबणार कळलं. भूक नव्हती, उगीच पुडकं सोडलं. फडक्याच्या आत भाकऱ्या, आणि भाकऱ्यांभोवती साप्ताहिकाचं ते पान. फाडलेलं. माझा फोटो वरच्या बाजूला. चटणीची पुडी वेगळी, साध्या वर्तमानपत्रात, त्यामुळे फोटोला तेलाचा डागसुद्धा नाही.

पान तिच्याकडं कसं आलं? मास्तरांनी जायच्या आधी दिलं? नुसतं दिलं की वाचून दाखवलं? बसूचा फोटो आहे म्हणून जपून ठेवलं आणि घाईत भाकरीला लावलं? की सगळं ऐकून, समजून, मला काही न म्हणता... ‘गप बस’ म्हणाली ते टांग्यासाठी की माझ्यासाठी?

मास्तर परत आले की कळेल. मास्तरांना पत्र टाकावं. नको. भाडखाव, पत्र कसलं टाकतोस? तोंड दिलंय ना देवानं? शॉटसाठी बरं उघडतं ते.

आमच्या गाडीची शिट्टी झाली. आप्पांचं शूटिंग उद्या सकाळी नऊला, चीफ म्हणून माझा पहिला दिवस. पलीकडच्या फलाटावर सोलापूरकडची गाडी लागतेय. पेटी खाली उतरवली आहे, कुणी सांगितलं होतं कोण जाणे. हमाल विचारतोय, “साहेब, कंची गाडी?” थांब म्हटलंय त्याला, एवढं लिहून होऊ दे.

भाकऱ्या परत त्याच पानात बांधून घेतल्या.

गेलो तर स्टेशनवरून चालत जायचं. टांगा करायचा नाही.