धनपालची गादी

जयसिंगपूर,
१४ जानेवारी २०२५

ती. पद्मावतीअक्कास,
जय जिनेंद्र. शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि वर तू मलाच ओरडतेस, म्हणून पत्र. तुझी भावजय रत्नमाला गेल्यापासून घर नुसतं खायला उठतं, तेव्हा सामान वाटून टाकतो आहे. कुकर शेजारच्या बायडाबाईंना दिला, स्कूटर गल्लीतल्या कृष्णातला, ताटं-वाट्या बस्तीत, आपल्या जैन मंदिराला. माझी कापसाची गादी टेम्पोने तुझ्याकडे पाठवली आहे. मला आता ती कशाला लागते?

लोक मला अपरिग्रही म्हणू लागले आहेत. रविवारी बस्तीत माझा सत्कार आहे. सम्मेद पुण्याहून म्हणाला, पप्पा ग्रेट.

आजवर केलास तेवढा लोभ पुरे झाला.
तुझा भाऊ,
धनपाल

कोल्हापूर,
१७ जानेवारी २०२५

चि. धनपाल यास अक्काचे अनेक आशीर्वाद आणि दोन धपाटे.

गादी पोचली. तिच्यावर बसूनच लिहिते आहे. अरे, लहानपणी पेरूचा एक चावा मागितला तर अख्खा पेरू सदऱ्यात लपवणारा तू! सोफ्यावरचं प्लॅस्टिक फाटेपर्यंत काढलं नाहीस. तू कसला अपरिग्रही? गाव भुलेल, मी नाही. आणि लोभ पुरे झाला असं पत्राखाली कोण लिहितं?

सरळ विचारते. जिवाचं बरंवाईट करून घ्यायचं मनात येतंय का? येत असेल तरी मी ओरडणार नाही, पण खरं सांग.

हे पत्र घेऊन आमचे जावई यशराज आत्ताच निघताहेत. उत्तर घेतल्याशिवाय ते हलणार नाहीत, आणि जेवल्याशिवाय तर नाहीतच. सूर्य मावळायच्या आत त्यांना जेवू घालणं तुझ्याकडे. जावई आहेत, पोह्यांवर भागवू नकोस. सम्मेदलाही फोन केला. तो काय म्हणाला ते कळलं नाही, पण माझं त्याला कळलं.

लोभ होता तसाच आहे, तू हिशेब मिटवू नकोस.
तुझी अक्का

जयसिंगपूर,
१७ जानेवारी, संध्याकाळ

ती. अक्कास,
जय जिनेंद्र. शि. सा. न. वि. वि.

जावई मांडी ठोकून बसले आणि घरात ताटसुद्धा नाही! बायडाबाईंकडे कुकर मागायला गेलो, तर त्या म्हणाल्या, व्हय की, न्या, पर शिटी आमची हाय, नवी बसवलीया. भाकऱ्याही त्यांनीच थापल्या. ताटं बस्तीतून उसनी आणली. कृष्णातने घेवडा आणून दिला, तोही माझ्याच स्कूटरवरून. सूर्य टेकला तरी जावई भाकरी मागतच होते. मला कितीतरी दिवसांनी राग आला, आणि मग हसू.

हसता हसता रडायलाच लागलो. अक्का, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो आहे. एकट्यानं ताट वाढून घ्यायचं कशासाठी, हेच कळेना. सगळं आवरून, कुणाला त्रास न देता जावं असं मनात घोळत होतं. त्यात लोक शाबासकी देऊ लागले, मग थांबायचं तरी कसं? हे सगळं जावयांना सांगितलं. त्यांनी उपदेश केला नाही. हात धुऊन शेजारी बसले आणि म्हणाले, मामा, आज मी हितंच झोपणार, उद्या सकाळी दोघं डॉक्टरकडं जायाचं. सम्मेदही पुण्याहून निघाला आहे.

पण झोपणार कशावर? गादी तुझ्याकडे! ती माझी आहे, परत आण. तिच्याबरोबर तूही ये. सत्कार रद्द करायला सांगितला आहे, शाल तेवढी ठेवून घेईन.

मागच्या पत्रातला पुरे झालेला लोभ खोडून टाक. अजून हवा आहे, पुष्कळ हवा आहे.
तुझा हावरा भाऊ,
धनपाल