गव्हाणीतलं पांढरं लाकूड

कॉन्सेप्सियोन, १४ मार्च १९८९

ती. रेमिहियोदादास, तुझ्या आउरिसचा सा. न. वि. वि.

मी इथे बरी आहे, खोकला गेला. ओतिलियावहिनीला सांग, तिने दिलेले सुके शिंपले संपले. आता नुसत्या बटाट्यांवर दिवस काढते आणि तिची आठवण काढते.

कामाचं म्हणजे, आमच्या संस्थेत कागदाचं नवं खूळ निघालंय. लाकडाच्या ढलप्या भरडून लगदा करायचा तर वीज फार खाते. साहेबांचं म्हणणं, आधी ढलप्यांना योग्य ती बुरशी लावली तर ती लाकडाला घट्ट धरून ठेवणारा चिकटा खाऊन टाकेल, लाकूड मऊ पडेल आणि यंत्राचं काम हलकं होईल. मी भर सभेत बोलून बसले, की असली बुरशी आमच्या घळीत पडलेल्या उल्मोच्या झाडात आहे, आणि आमचे बैल हिवाळाभर तेच कुजलेलं पांढरं लाकूड खातात! सगळे फिदीफिदी हसले. साहेब तेवढे हसले नाहीत. तेव्हा दादा, ओंडक्याच्या गाभ्यातलं पांढरं, ओलं, चांगलं बघून लवकर पाठव. माझी अब्रू तुझ्या हातात आहे.

क्लावेल आणि पिन्तो, दोन्ही बैलांच्या कपाळावरून हात फिरव. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी आउरिस


चोन्ची, ९ एप्रिल

चि. आउरिसला अ. उ. आ.

माल काल बोटीवर चढवला. तू मागितलंस आणि मी चिमूटभर पाठवलं, असं होईल का? अख्खा गाभा खरवडून काढला. ओंडक्याचं आता नुसतं टरफल उरलंय, आत कोंबड्या बसतात. वहिनी म्हणाली, जरा विचारून तरी घ्या किती हवंय ते. मी म्हटलं, तू गप बस, कागदाचा कारखाना काय मुठीवर चालतो?

गाडी आपल्याच जोडीने धक्क्यापर्यंत ओढली. चढावर चाक चिखलात रुतलं. क्लावेल नेहमीसारखा रुसून उभा राहिला, पण नेहमी डावीकडे जुंपलेल्या पिन्तोने असा जोर लावला की धक्क्यावरची माणसं टाळ्या वाजवायला लागली. आमच्या लाकडाचा कागद होणार हे दुकानात सांगून झालं, चर्चच्या पायरीवर सांगून झालं. लोक विचारतात, शहरात लाकडं कुजायचीसुद्धा बंद झाली का?

जेवत जा. फोटो पाठव, त्यात हाडं दिसता कामा नयेत.

तुझा दादा


कॉन्सेप्सियोन, ३० एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

अरे देवा, दादा! मालमोटार दारात उभी राहिली आणि पोत्यांमागून पोती उतरायला लागली तेव्हा मला कुठे तोंड लपवू असं झालं. काड्यापेटीएवढा तुकडा पुरला असता. बुरशी आम्ही इथे काचेत वाढवतो, तिला बोटभर लाकूड खूप होतं. पण तुला काय बोलू? किती हवंय ते मीच लिहिलं नाही. त्याच घरात वाढलेली मुलगी मी, एवढं कसं सुचलं नाही?

आता जूनमध्ये थंडी सुरू झाली की बैलांना काय घालणार? उरलेली पोती कोठारात नीट ठेवली आहेत. सोय झाली की परत धाडते. खरं काय ते लिही, माझं मन थाऱ्यावर नाही.

तुझी वेडी आउरिस


चोन्ची, २५ मे

चि. आउरिसला अ. उ. आ.

कशाला जीव टांगणीला लावून घेतेस? परत काही पाठवू नकोस, भाडं कोण भरणार? ओढ्यापलीकडे दुसरा ओंडका सापडलाय, पहिल्यापेक्षा पांढरा. गवत पावसात थोडं काळं पडलं, पण ते काय, दर वर्षीचंच. दोघं बैल असे माजलेत की जू छोटं पडतंय. वहिनी तुला लोकरीचे मोजे विणतेय, एक झालाय.

तू तुझी बुरशी सांभाळ. आमच्या नाकाचा प्रश्न आहे.

तुझा दादा


कॉन्सेप्सियोन, १० सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

आधी गोड सांगते. आपली बुरशी जिंकली! कोइवे झाडाच्या ढलप्यांना वाफ देऊन आधी बाकीची बुरशी मारली, मग मक्याच्या पाण्यात कालवून आपली शिंपडली आणि ढिगाखालून हवा सोडत राहिलो. दोन आठवड्यांत ढीग आतून पांढराशुभ्र. भरडताना विजेचा काटा इतका खाली राहिला की साहेबांना वाटलं यंत्र बिघडलं. पहिला ताव सुकला तेव्हा मी सगळ्यांसमोर रडले, आणि त्यांना वाटलं आनंदाने.

दादा, मी खोटं लिहिलं होतं. ती पोती कोठारात कधीच नव्हती. बाहेरून आलेली बुरशी काचेबाहेर ठेवायची नाही असा इथला नियम. आली त्याच दिवशी सगळी भट्टीत गेली. माझ्याच हातांनी टाकली. ओल्या लाकडाचा तो धूर, आपल्या घळीचा वास होता त्याला. थांबा म्हणायची माझी छाती झाली नाही, नवी नोकरी ना. तू दर पत्रात बैल मजेत म्हणतोस, आणि गेल्या महिन्यातल्या पत्रात लिहितोस की वरचं वावर पडीक ठेवलं कारण गुडघे दुखतात. तुझे गुडघे कधीपासून दुखायला लागले?

चाचणीतला उरलेला पांढरा माल या वेळी मात्र साहेबांच्या तोंडावर मागून घेतला. पोती बोटीने येतायत. बोटांनी कुस्करून बघ, उल्मोसारखंच आहे. दोघांना पोटभर घाल. तेवढाच माझा भार हलका.

क्षमा कर म्हणायला तोंड नाही, तरी म्हणते.

तुझी आउरिस


चोन्ची, ८ ऑक्टोबर

चि. आउरिसला अ. उ. आ.

पोती मिळाली. आता तू खरं लिहिलंस तर मलाही लिहायला हवं.

दुसरा ओंडका नव्हता. काळं गवत सरलं, मग शेजाऱ्यांकडे मागितलं, त्यांच्याकडेही नव्हतं. जुलैच्या पावसात पिन्तो एके सकाळी बसला तो उठला नाही. मी आणि वहिनीने खूप ओढलं. तुला कसं लिहिणार होतो? आणि सगळं स्वतःच्या माथी मारून घेऊ नकोस. किती ते तू लिहिलं नाहीस, पण मीही विचारलं नाही. मला धक्क्यावर मिरवायचं होतं ना, बहिणीच्या कारखान्याला लाकूड पुरवणारा! त्या मिरवणुकीची गाडी त्याच बिचाऱ्याने ओढली. रात्री ते आठवलं की कूस बदलत पडतो.

तुझा माल काल गव्हाणीत ओतला. क्लावेलने हुंगलं, माझ्याकडे पाहिलं आणि खायला लागला. चवीने खाल्लं हो, खोटं नाही सांगत. तुझी बुरशी अस्सल आहे. पण उजव्या अंगाने खात खात गव्हाणीच्या मध्यापर्यंत आला आणि थांबला. डावीकडचं तसंच. मी फावड्याने त्याच्या पुढ्यात ढकललं तर मान फिरवून उभा राहिला. आज सकाळीही तेवढं तसंच पडून आहे. वहिनी उचलू देत नाही.

मोजे दोन्ही झाले, सोबत पाठवतो. पाय गरम ठेव, आणि जेव. आमची माया आटलेली नाही, तूही आटवू नकोस. पुन्हा कधी माल उरला तर जरूर पाठव. फक्त अर्धाच पाठव.

तुझा दादा