खडूची खूण आणि शेंदरी डबी

चि. ठोंब्यास ताईचे भरभरून आशीर्वाद.

तू बरा असशील असं धरून चालते, कारण तुझ्या दीड ओळीच्या चिठ्ठीत तब्येतीला जागा उरली नव्हती. आम्ही ठीक आहोत. माझा उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना गप्प बसतो, म्हणून मी हल्ली फक्त उतरण्याचीच कामं अंगावर घेते. तुझ्या भाऊजींची मान अजून धरलेलीच आहे. बावीस वर्षं शिकाऊ माणसांशेजारी बसून गाडी शिकवल्यावर दुसरं काय होणार? जेवतानाही त्यांचा पाय टेबलाखाली ब्रेक शोधत असतो. परवा मी आमटी वाढताना हात जरा जोरात पुढे केला, तर त्यांनी माझ्या पायावर करकचून पाय दाबला. असो. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू नुसतं "हं" म्हणतोस. पत्राला तसं "हं" म्हणता येत नाही.

तर तुझी चिठ्ठी. "ताई, माळ्यावरचं माझं सामान कुणाला तरी देऊन टाक. मला आता त्यात रस नाही." मी ती चार वेळा वाचली, मापाची वही वाचते तशी, कुठे काही सुटलं तर नाही ना हे बघत. काही सुटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला आधी बरंच वाटलं. बारा वर्षं ते खटलं माळा अडवून बसलंय आणि मी अस्तराचे तागे पलंगाखाली कोंबतेय. शिवाय घेणारंही लगेच मिळालं. इथल्या शाळेत संगीताच्या बाई आहेत, त्यांचे कपडे मी शिवते. त्या म्हणाल्या, गिटार, स्पीकर, जे असेल ते सगळं मुलांसाठी नेते, रविवारी दहाला येते. मी हो म्हटलं. पण माझ्या दुकानाचा नियम तुला माहीत आहे. इस्त्री केल्याशिवाय, लोंबते दोरे कापल्याशिवाय आणि प्रत्येक बटण एकदा लावून पाहिल्याशिवाय इथून काही बाहेर जात नाही. मग तुझं सामान न तपासता कसं देणार? (इथेच माझं चुकलं. बटणं तपासायला बसले आणि त्यातल्या एका बटणाने घात केला.)

शनिवारी दुपारी सामान खाली काढलं. मी शिडीवर आणि भाऊजी खालून "अजून मागे, अजून, अजून, बस" करत होते, त्यामुळे त्यांच्या खांद्यावर स्पीकरचा एक कोपरा बसला तो बसलाच. गिटार माझ्या हरवलेल्या निळ्या पडद्यात गुंडाळलेली निघाली. त्या पडद्यासाठी मी कामवाल्या बाईंवर आठ दिवस संशय घेतला होता, हे तुझ्या खात्यावर. आणि तळाशी ती शेंदरी डबी. साबणाच्या डबीएवढी, पण हातात घेतली तर वजनदार. वर पायाने दाबायचं एक बटण, एक गोल फिरवायची खुंटी, आणि नाव लिहिलेलं: फेझर. तुझे भाऊजी म्हणाले, हा ब्रेक आहे. मी म्हटलं, हे मशीनचं पायडल आहे. आमच्या घरात पायाखाली येणाऱ्या वस्तूंचे एवढे दोनच प्रकार.

डबीच्या आतली चौकोनी बॅटरी फुटून पांढरी पावडर झाली होती. माझ्या मशीनच्या बारक्या पेचकसाने चार स्क्रू काढले, पुसलं, नवी बॅटरी घातली. वायरी जोडल्या तर सगळं मुकं. अर्धा तास आम्ही एकमेकांना दोष दिला. मग कळलं की गिटारची वायर उजव्या भोकात आणि स्पीकरची डाव्या भोकात जाते. आम्ही उलटं घातलं होतं, कारण शिवण डावीकडून उजवीकडे जाते असं मला वाटतं, आणि भाऊजींना काय वाटतं ते त्यांनी सांगितलं नाही. एवढ्यात बँकेतल्या मॅडम कोटाची ट्रायल द्यायला आल्या. मी त्यांच्या बाहीला टाचण्या लावून ठेवल्या आणि म्हटलं, दोन मिनिटं अशाच उभ्या राहा, हात हलवू नका.

मग मी खुर्चीवर बसले, गिटार मांडीवर घेतली आणि तू शिकवलेली ती दोन बोटांची कॉर्ड धरली. (आठवतं ना? तुला गिटारच्या खुंट्या पिळून सूर जुळवायचे असायचे आणि तारा धरायला तिसरा हात हवा असायचा, म्हणून तू मला एवढीच शिकवलीस.) उजव्या पायाने डबी दाबली आणि तारा छेडल्या. ठोंब्या, काय सांगू. डबीवरची खुंटी ओढाताणीत पार टोकाला गेली होती. पाण्याने गुळण्या करत कुणी हाका मारतंय असा आवाज खोलीभर फिरायला लागला. मी घाबरले आणि जे तीस वर्षं केलं तेच केलं: पाय उचलला. पाय उचलला की मशीन थांबतं, हे माझ्या हाडात बसलंय. पण ते थांबेना. मी दुसराही पाय उचलला. दोन्ही पाय हवेत, मांडीवर तुझी गिटार, आणि गुळण्या चालूच. (हात थांबवला असता तर आवाजही थांबला असता, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. हात मात्र भीतीने वाजवतच राहिला.) शेवटी भाऊजी धावत आले आणि त्यांनी डबीवर आयुष्यभराच्या सवयीने कचकन पाय मारला. आवाज साधा झाला. "ब्रेकच आहे," ते म्हणाले. आणि खात्री करायला त्यांनी पुन्हा दाबला. पुन्हा गुळण्या. त्या माणसाचा इतका अपमान कुठल्याच शिकाऊ ड्रायव्हरने केला नसेल.

बँकेतल्या मॅडम पुतळ्यासारख्या हात पसरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "एकदा दाबायचं आणि पाय विसरून जायचा, असं दिसतंय." मग मान पुढे करून म्हणाल्या, त्या खुंटीजवळ काहीतरी खूण आहे. मी चष्मा लावून पाहिलं. खुंटीच्या कडेला, पाव फेरीपाशी, पांढरी बारीक रेघ. कपड्यावर आखायच्या खडूची. माझ्या खडूची. बोटाने पुसू गेले, पण ती खाचेत बसली होती. आता खडूची खूण दिसली की मी काय करणार? खूण असते तिथे शिवायचं. मी खुंटी त्या रेघेवर आणली, पाय बाजूला घेतला आणि ती दोन बोटांची कॉर्ड एकदाच, हलकेच छेडली.

आता हे नीट वाच. तुला ते दुरंगी रेशीम माहीत आहे, ताण्याला एक रंग आणि बाण्याला दुसरा, आमच्यात त्याला धूपछाव म्हणतात. टेबलावर पसरलं तर एका रंगाचं, पण हातात घेऊन हळूच वळवलं की त्याच कापडातून दुसरा रंग वर येतो आणि परत आत जातो. त्या आवाजाचं तसं झालं. मी काहीच केलं नव्हतं, माझी बोटं जागची हलली नव्हती, तारा तर बारा वर्षांत उतरून गेलेल्या. तरी तो एकच आवाज आतल्या आत वळत होता, उजळत होता, काळवंडत होता, जणू कुणी खिडकीशी उभं राहून तो उलटून पालटून बघतंय. मी श्वास धरून बसले. आवाज विरला तेव्हा मी मान वर केली. भाऊजी खाली जमिनीवर बसले होते. ते कधी बसले मी पाहिलं नाही. मॅडम म्हणाल्या, "परत." मी परत वाजवलं. असं आम्ही साडेपाचपर्यंत केलं. एक कॉर्ड, तीन माणसं. मॅडम टाचण्या लावलेल्या बाहीनिशीच घरी गेल्या, आणि मला ते पाऊण तासाने आठवलं.

आणि मग मला जे आठवलं ते लिहायला हे पत्र आहे. तू त्या मागच्या खोलीत सात वर्षं हे वाजवलंस आणि मी पुढच्या खोलीत सात वर्षं मशीन चालवलं. मला वाटायचं मी तुझं वाजवणं ऐकलंय. मी ते कधीच ऐकलं नव्हतं. मी माझं मशीन ऐकलं आणि त्याच्या मागे काहीतरी घरघरतंय एवढं ऐकलं. मग बारा वर्षांपूर्वी एक दिवस तुझ्या बँडमधले तिघे तिथे बसले होते आणि मी दारात उभी राहून म्हणाले होते की हा आवाज म्हणजे तेल संपलेलं चाक आहे आणि माझी गिऱ्हाइकं पळतात. ते तिघे हसले होते. तूही हसलास. पुढच्या आठवड्यात सामान माळ्यावर गेलं आणि तू त्या विमा कंपनीच्या नोकरीवर रुजू झालास. मी सगळ्यांना सांगत आले की नोकरीमुळे सुटलं. बारा वर्षं मी स्वतःलाही तेच सांगितलं. ठोंब्या, मला न ऐकता बोलायला नको होतं. माझं चुकलं. हे फोनवर म्हटलं असतं तर तू "हं" म्हणाला असतास आणि मला ते सहन झालं नसतं.

रविवारी बाई दहाच्या ठोक्याला आल्या. गिटार सुरात लावली आणि वाजवून दाखवली. मी त्यांना विचारलं, त्या डबीच्या आत नेमकं काय होतं? मला वाटलं होतं आत काहीतरी फिरत असणार, चकती किंवा पंखा. तर त्या म्हणाल्या, आत काहीच फिरत नाही. एकच आवाज आत जातो आणि त्याचे दोन होतात. एक सरळ बाहेर येतो. दुसरा आतून वळसा घालून जरा उशिरा येतो. बाहेर पडताना दोघं भेटतात. काही सुरांवर ते एकमेकांना पुसून टाकतात, काहींवर एकमेकांना उचलून धरतात, आणि ती जागा सारखी सरकत राहते, म्हणून आपल्याला वाटतं की आवाज फिरतोय. मी विचारलं, मग तो उशिरा येणारा एकटाच ऐकला तर? त्या म्हणाल्या, "त्यात काही विशेष नाही. पहिल्यासारखाच वाटेल. गंमत दोघं भेटल्यावरच." मला हे शिवणातलं काही कळतं तसं कळलं नाही, पण खरं वाटलं. तुझे भाऊजी त्या दिवसापासून डबीपुढे चप्पल काढतात.

तर असं झालं. बाई खुशीत गेल्या, माळा रिकामा झाला, अस्तराचे तागे वर गेले. तुझ्या मनासारखं पार पडलं. जेवणखाण वेळेवर करत जा, खुर्चीत पाठ ताठ ठेव, आणि कॉलर उलटून घ्यायची असेल तर ते शर्ट पाठवून दे.

तुझी,
ताई

ता. क. वरच्या परिच्छेदात माळा रिकामा झाला हे खरं आहे, पण सामान शाळेत गेलं असं मी कुठे लिहिलेलं नाही, परत वाचून बघ. ते मागच्या खोलीत आहे. बाईंनी गिटार खांद्याला अडकवली, डबी पिशवीत ठेवली, दारापर्यंत गेल्या, आणि मी दारात आडवी उभी राहिले. बदल्यात शाळेच्या रंगमंचाचा पूर्ण पडदा शिवून द्यायचं कबूल केलंय, दोन्ही बाजूंच्या झालरीसकट. मापं घेतली तेव्हा कळलं की माझ्या अख्ख्या घराला तो दोनदा गुंडाळता येईल. गुडघ्याचं काय होईल ते होवो.

ता. क. दुसरा. बाईंची एक अट आहे. पडदा पहिल्यांदा उघडेल त्या दिवशी, ती खडूची खूण ज्याने केली त्याने मुलांना एकदा वाजवून दाखवायचं. मी म्हटलं, त्याला आता त्यात रस नाही. त्या म्हणाल्या, रस नसलेला माणूस एवढ्या नेमक्या जागी खूण करत नाही. मी ती अट पडद्याच्या मापांखाली लिहून घेतली. तारीख पडदा झाला की कळवते. तू येणार की नाही ते लिही. नाही म्हणालास तर सामान दुसऱ्या दिवशी शाळेत पोचवेन आणि पुन्हा विषय काढणार नाही, शब्द देते. तोवर वायर काढून ठेवत जाईन. लावलेली राहिली की बॅटरी उतरते, हेही बाईंनी सांगितलं.

ता. क. तिसरा. मला अजून तीच एक कॉर्ड येते. रोज दुपारी चार वाजता मशीन बंद करते आणि वाजवते. आता सरळ जाणारा आवाज मी एकटीच आहे. दुसऱ्याने जरा उशिरा यायचं असतं म्हणे, त्याला माझी ना नाही. पण बारा वर्षं म्हणजे फारच झालं रे. आता ये.