झोळीची कडी

१ मे २००२, बुधवार

ठरलं एकदाचं! सगळ्यांनी मिळून वॉटर पार्कला जायचं. घाटाखाली नवीन निघालंय ते. पाण्याच्या घसरगुंड्या, मुलांची रेलगाडी आणि दोन रात्री राहायची सोय. कल्पना माझीच, पण वदवली यांच्या तोंडून. थोरल्या भावाने सुचवलं की धाकट्याला नाही म्हणता येत नाही! ललित भाऊजींनी ओझरहून फोनवर लगेच होकार दिला. मागून त्यांच्या बायकोची, हर्षालीची कुजबुज चालली होती, 'एवढ्याशा बाळाला घेऊन कुठे जायचं?' ऐकू आली मला.

अगं बाई, बाळासाठीच तर चाललंय सगळं.

५ मे, रविवार

पार्कचा रंगीत कागद आला. राहायचे तीन प्रकार. फॅमिली रूम म्हणजे तलावाला लागून मोठी खोली, सगळे एकत्र. दुसरा, इमारतीत वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिसरा, बागेतली कॉटेजेस, एकापासून दुसरं चांगलं लांब.

हर्षालीला फॅमिली रूम हवी. हवीच असणार! सगळे मेंढरांसारखे एका रांगेत झोपणार आणि बाळ तिच्या कुशीत. माझ्या वाट्याला काय? ओली दुपटी.

मी म्हटलं, दोन कॉटेजेस घ्या. कारणही बिनतोड दिलं. तिची थोरली दिशा अडीच वर्षांची, झोप अगदी सावध. बाळ सात महिन्यांचं, रात्री दोनदा तरी उठणार. ते रडलं की ही उठणार, ही उठली की भोकाड पसरणार, तिच्या भोकाडाने ते पुन्हा उठणार. 'दोघं एका खोलीत नकोतच,' मी म्हटलं. 'एकाला मी घेते माझ्याकडे. तेवढीच तुला झोप.'

हर्षाली फोनवर म्हणाली, 'चालेल ताई.' मला वाटलं होतं तासभर घोळ घालेल. निघाली आपली मठ्ठ!

कुठल्या एकाला, ते मी बोलले नाही. बोलायची गरज आहे का?

६ मे

लिहूनच ठेवते. या घरात प्रत्येकाला आपल्या सोयीचं तेवढंच आठवतं.

हर्षालीचं दुसऱ्या वेळचं डोहाळेजेवण इथे पंचवटीत, आमच्याच घरी झालं. सगळ्या बायकांच्या देखत सासूबाई म्हणाल्या, 'पहिली पोर तुझी हाय. आता दुसरं होईल ते मोठीच्या ओटीत. मूल तर मूल. घरातलं घरात.' हर्षालीने मान डोलावली. हसून! वर माझ्या तोंडात पेढा कोंबला. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि तोपर्यंत या घरात माझ्या तोंडात कुणी आपणहून पेढा घातला नव्हता. मी मोरीत जाऊन रडले होते.

मग झाला मुलगा. आणि सगळ्यांची दातखीळच बसली! अजून अंगावर पितंय. दात येऊ देत. पावसाळा जाऊ दे. सासूबाई तर मी विषय काढला की जपमाळ ओढायला बसतात. पूर्वी ती माळ खुंटीवरून खाली येत नव्हती.

मला तो हवाय. बस्स. भीक मागत नाहीये, दिलेला शब्द मागतेय.

९ मे

पार्कच्या बुकिंगवाल्याला फोन केला. चंदर नावाचा कुणी होता. विचारलं, छताला कडी आहे का?

'कडी कशाला मॅडम?'

'झोळी बांधायला. तान्हं मूल आहे.'

'पंखा आहे ना मॅडम.'

पंख्याला झोळी बांधू? अक्कल! शेवटी मॅनेजरला फोनवर घ्यायला लावलं. तो बरा निघाला. म्हणाला, सात नंबरच्या कॉटेजमध्ये ठोकून देतो. म्हटलं, फक्त सातमध्येच. दुसऱ्यात अजिबात नको.

त्या पोराला झोळीशिवाय झोप येत नाही, हे अख्ख्या घराला ठाऊक आहे. जिथे कडी तिथे झोळी. जिथे झोळी तिथे बाळ. दोन रात्री माझ्या हाताच्या झोक्यावर झोपला की मग बघते कोण काय बोलतं ते.

१२ मे

ओझरला जाऊन आले. कंपनीच्या क्वार्टरमधल्या दोन खोल्या, त्यात वाळत घातलेले कपडे आणि शिळ्या दुधाचा वास. हर्षाली बाळाला पाजत होती. दिशा तिच्या पाठीला चिकटून उभी.

मी दिशाला जवळ बोलावलं. हळूच कानात म्हटलं, 'आई आता बाळाची झाली. मग तू कोणाची गं?'

काय ती किंचाळली! धावत गेली आणि बाळाच्या पायाला कडकडून चावली. बाळ रडायला लागलं. हर्षालीने दिशाच्या पाठीत दणका घातला आणि मग स्वतःच रडत बसली. 'ताई, माझ्याच्याने दोघांचं नाही होत हो. वेड लागेल मला.'

'कसं होईल?' मी म्हटलं. 'माणूस आहेस तू. यंत्र आहेस का?' आवाज इतका गोड काढला की माझं मलाच हसू येत होतं.

दिशा दाराआड मुसमुसत होती. नाकाला शेंबूड, फ्रॉक उलटा घातलेला. उचलावंसं नाही वाटलं. मला ती कारटी पहिल्यापासूनच आवडत नाही.

१४ मे

पुन्हा ओझर. पुन्हा विचारलं, तू कोणाची? पुन्हा भोकाड. छान चाललंय.

१६ मे

झोळीसाठी माझ्या आईचं जुनं लुगडं काढलं. धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालंय. दुधाची पावडर, दोन बाटल्या, बाळाची तेलाची मालिश करायला पाट, सगळं बांधलं.

हे दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, 'शुभा, जरा दमानं घे.'

'तुम्ही फुलं विका,' मी म्हटलं. यांना बाजारात झेंडूचा भाव तेवढा पाडून मागता येतो. घरात आईपुढे तोंड उघडायचं म्हटलं की मूग गिळून गप्प!

१८ मे, शनिवार

सात नंबरला कडी आहे. नवी कोरी. मी लोंबकळून पाहिलं, हलली नाही.

आणि मग भाऊजींच्या गाडीच्या टपावरून काय उतरावं? लोखंडी घडीचा पाळणा! मनमाडहून आला म्हणे, हर्षालीच्या माहेरून. 'ताई, आईने मुद्दाम पाठवला. आता कडीबिडीची भानगडच नको. कुठेही उभा करता येतो.' दोन मिनिटांत तो त्यांच्या कॉटेजमध्ये उभासुद्धा राहिला. बाळ आत. सासूबाई बाजूला झोका द्यायला. मी लुगडं हातात घेऊन दारात उभी, मूर्खासारखी.

मग हर्षालीने दिशाचा हात धरून माझ्या हातात दिला. दुसऱ्या हातात एक फुगलेली बॅग. 'एकाला घेते म्हणाला होतात ना तुम्ही.'

सासूबाई वर न बघताच म्हणाल्या, 'बराबर हाय. तान्ह्याला आय लागती.'

दोन रात्रींचाच प्रश्न आहे म्हणून मी गप्प बसले. दिशाला ओढतच नेली. संध्याकाळी रेलगाडीत बसवली तर बसेना, पाण्यात सोडली तर पाय आखडून घेतले. जेवताना वरणभात अंगावर सांडला. फ्रॉक बदलायला म्हणून बॅग उघडली.

वर दोन फ्रॉक. त्याखाली आणखी चार. त्याखाली लोकरीचा स्वेटर. कानटोपी. रेनकोट. जूनमध्ये बालवाडीत घालायचा गणवेश, घडी न मोडलेला. तळाशी तिची ती एक डोळा गेलेली कापडी बाहुली.

मे महिन्यात स्वेटर! दोन रात्रींसाठी!

मी बॅग बंद केली. पुन्हा उघडली. स्वेटर तिथेच होता.

१९ मे, रविवार

सकाळी सगळ्यांना लहान मुलांच्या तलावावर गाठलं. सासूबाई लुगडं पोटरीपर्यंत वर खोचून पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या, हर्षाली बाळाला घेऊन छत्रीखाली. मी बॅग आपटली मध्ये.

'हे काय आहे?'

हर्षालीने नजर चोरली नाही. मला वाटलं होतं चोरेल. 'तुम्हीच म्हणालात ताई, दोघांचं होणार नाही माझ्याच्याने. खरंच होत नाही. आठवडाभर दिशाने जीव नकोसा केलाय. बाळाला चावते, रात्र रात्र रडते. आधी अशी नव्हती हो ती! काय शिरलंय तिच्यात देव जाणे.'

मला ठाऊक होतं काय शिरलंय ते.

'ठरलं होतं दुसऱ्याचं!' मी ओरडले.

'मूल द्यायचं ठरलं व्हतं,' सासूबाई म्हणाल्या. 'ही काय मूल नाय का? मी काय म्हणले व्हते? मूल तर मूल. आता पोरगी म्हून नाक मुरडती व्हय?'

भाऊजी पाण्याकडे बघत राहिले. हे आकाशाकडे. दोघे सख्खे भाऊ शोभतात!

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, 'मला नको ही! तुमचं नकोसं झालेलं माझ्या गळ्यात मारता? ठेवा तुमच्यापाशीच!' आजूबाजूची माणसं बघायला लागली. मागे वळले तर दिशा उभी. कमरेला हवेची ट्यूब. सगळं ऐकलेलं.

रडली नाही. इतके दिवस एका वाक्यावर भोकाड पसरणारी पोर, आज नुसती बघत राहिली माझ्याकडे. मग तिच्या आईकडे. हर्षाली बाळाचं टोपडं सारखं करत होती.

दुपारी मी चिडून लुगडं कडीला बांधलं. कशासाठी, माहीत नाही. बांधायचं म्हणून बांधलं. दिशा आपणहून आत चढली. पाय बाहेर लोंबत होते. छताकडे बघत, पाठ केल्यासारखं म्हणाली, 'आई बाळाची झाली. मी कोणाची?'

'झोप,' मी म्हटलं.

झोका देत बसले. पोर जड आहे. कडी मात्र पक्की निघाली.

२० मे

ओझरची मंडळी दिशाला माझ्यापाशी ठेवून सकाळीच निघाली. हर्षालीने दिशाला सांगितलं, 'चॉकलेट आणते हं.' दिशा फाटकाशी उभी, गाडी दिसेनाशी झाली तरी हात हलवतेय.

मी म्हटलं, 'चॉकलेट नाही नि काही नाही. ते येणार नाहीत.' उगाच कशाला आशा लावायची? तिने हात खाली घेतला. तेव्हापासून एक शब्द बोललेली नाही.

२६ मे

पंचवटीच्या घरातही कडी ठोकून घेतली. दिशा अंथरूण ओलं करते, दुसऱ्या कुणाच्या हातून जेवत नाही. माझ्या हातून जेवते. का, ते तिलाच ठाऊक. बोलणं बंदच आहे, सगळं मानेने. हो म्हणजे खाली, नको म्हणजे आडवी.

यांनी बाजारातून शेवंती आणली, मी वेणी करून तिच्या केसात माळली. नाक अगदी हर्षालीचं आहे. काय करणार, कापता येत नाही.

सासूबाई म्हणाल्या, 'येवढी घोडी झाली, झोळीत कशापायी झोपवती तिला?'

'माझी आहे. मी बघेन.' तोंडातून निघून गेलं. सासूबाईंनी माळ थांबवून माझ्याकडे पाहिलं.

मुलगा हवा होता. अजूनही हवाय. पण दुपारी झोळीतून एक पाय बाहेर येतो आणि माझ्या खांद्यावर टेकतो. तो पाय मी काढत नाही.

२ जून, रविवार

हर्षालीचा फोन. आवाज बसलेला. 'ताई, चुकलं हो माझं. घर खायला उठतंय. दिशा आठवण काढते का? घ्यायला येऊ का तिला?'

दिशा माझा पदर धरून उभी होती. 'थांब, तिलाच विचारते,' मी म्हटलं आणि फोनचं तोंड हाताने दाबून धरलं. 'दिशा, आईकडे जायचं?'

मान हलली. वरून खाली. पुन्हा वरून खाली. वेणीतली फुलं गळेपर्यंत हलवत राहिली.

मी फोनवरचा हात काढला.

'नको म्हणतेय गं.'