माझ्या नावानं दिलेली उत्तरं

३ मार्च, सोमवार

आणि वर थोरली मलाच म्हणते, "आई, तू फार हळू आहेस!" हळू! एकवीस वर्षं कारखान्यात शिलाई मशीनवर पाठ मोडून घेतली, ती हळू म्हणून? नोकरी सोडली ती काय पुन्हा पळत सुटायला? ठरवलं तेवढंच – दिवसाला चार फोन. बायका व्हिडिओवर बिघडलेलं मशीन दाखवतात. मी म्हणते, तोंड बंद, आधी चालवून दाखव! आवाजावरनं कळतं सुई कुठं घासते, दोरा कुठं अडतो. बस्स. ना दुकान, ना कारखान्यातल्या मास्तरच्या शिव्या. थोरलीनं फोनवर माझ्या नावाचं पान उघडून दिलं, बायका तिथं प्रश्नही लिहितात, तर मालकीणच झाली! रोज वीस फोन घे म्हणते.

५ मार्च, बुधवार

आजही चारच. तिच्याशी बोलले नाही.

७ मार्च, शुक्रवार

एका बाईनं फोनवर झापलं. "तुम्हीच लिहिलंत ना, बॉबिन केसचा स्क्रू पूर्ण काढा? स्प्रिंगची पट्टी उडाली, सापडेना!" मी? खालच्या दोऱ्याच्या त्या डबीचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा, जास्त नाही – नव्या पोरींना पहिल्या दिवशी हेच सांगायचे मी!

थोरलीला धरलं. तेव्हा कबूल झाली. पंधरा दिवस माझ्या नावानं ही स्वतःच उत्तरं लिहितेय! सुईत दोरा ओवता येत नाही हिला. म्हणे, "नेटवर शोधून लिहिते गं. गिऱ्हाईक थांबत नाही."

एकवीस वर्षांत माझ्यामुळं एक मशीन बिघडलं नाही. आता बिघडलं. माझ्या मशीनचा बॉबिन केस काढून त्या बाईला पाठवून दिला. मशीन आंधळ्यासारखं पडलंय.

८ मार्च, शनिवार

मास्तरचा फोन. "परत ये, तुझ्याशिवाय शिलाईची लाइन चालत नाही. पुढच्या शनिवारपर्यंत कळव." जन्मात पहिल्यांदा गोड बोलला मेला. जाईन! तिथं निदान माझ्या चुका माझ्याच होत्या.

९ मार्च, रविवार

धाकटीच्या तोंडून निसटलं. "ताईला दोन महिन्यांपूर्वीच कामावरून काढलं. सकाळी निघते ती वाचनालयात जाऊन बसते. तुला सांगू नको म्हणाली."

दोन महिने मी तिला डबा भरून देतेय! एकदा विचारलं का, कशी आहेस? नाही. नुसती भांडले.

१० मार्च, सोमवार

तिच्या डब्यात चिठ्ठी टाकली: माझ्या नावानं एक अक्षर लिहायचं नाही. वाचनालयात नको, घरीच बस, माझ्या शेजारी, मशीन उघडायला शीक. मग दे उत्तरं, स्वतःच्या नावानं. बसणार की नाही, शुक्रवारपर्यंत सांग. शनिवारी मला मास्तरला कळवायचंय, परत येते की नाही ते.