उलटा मठार

१९ जानेवारी १९९६, शुक्रवार

कारखान्याचं पत्र आलं. जुन्या भांड्यांचं संग्रहालय उघडलंय म्हणे — जुन्या कारागिरांच्या घरच्यांनी रविवारी पाहायला यावं. हे जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हा कुणी फिरकलं नाही. आता पत्र! पाकिटावर 'श्री. जयप्रकाश वडके यांचे कुटुंब'. मेलेल्या माणसाला श्री.

आशुतोषने दोनदा वाचलं. "आई, जायचंच." गीतांजली म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी तळोजा? नवऱ्याची हौस! बरं, डबा घेऊ."

२१ जानेवारी, रविवार

नेरूळहून कळंबोलीपर्यंत बस, पुढे रिक्षा. सूनबाईला धुळीने शिंका.

पूर्वी फाटकाबाहेरच ठोक्यांनी कान किटायचे. आज आत अकरा माणसं. बाकी जागी मशीन — एक दाब दिला की पत्र्याचं भांडं. हे ज्या शेडमध्ये बसायचे तिथे काचेची कपाटं, ट्यूबलाइट. कल्हईचा भातासुद्धा मांडून ठेवलाय, वर पाटी 'हात लावू नये'. हा भाता मी ओढलाय!

दाखवायला शहजादभाई होते. उरणकडचे. पूर्वी स्टोअरला असायचे, आता संग्रहालय बघतात. मधल्या कपाटात तांब्याचं मोठं घंगाळ. पाटी मी अक्षर अक्षर वाचली — 'उलटा मठार. कारागीर कै. जयप्रकाश वडके, १९८५.'

शहजादभाई सगळ्यांना सांगत होते, "मठार म्हणजे हातोड्याचे ठोके. भांडं फिरवत एकाला लागून एक मारायचे. पत्रा कडक होतो, चमकतो पण. सगळ्यांच्या ओळी ह्या बाजूने चढतात, वडके उस्तादांच्या उलट्या. स्वतः शोधून काढलेली पद्धत! दुसरीकडे कुठे नाय बघायला मिळणार."

आशुतोषने काचेसमोर चपला काढल्या. गीतांजली म्हणाली, "अहो, देऊळ आहे का?" तो म्हणाला, "माझ्यासाठी आहे."

उस्तादांचा हातोडा असेल तर द्या, घंगाळाशेजारी ठेवू, असं शहजादभाईंनी मला विचारलं. मी म्हटलं, बघते. आशुतोष मध्येच, "बघते काय? आईच्या ट्रंकेत आहे. पुढच्या रविवारी घरीच या, चहाला."

२२ जानेवारी, सोमवार

भात करपला. लक्षच नाही.

२४ जानेवारी, बुधवार

लिहूनच टाकते. ही वही कोण वाचतंय!

८३ साली ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. पेला धरवेना. कारखान्यात कळलं असतं तर काम गेलं असतं. मठारायला भांडी घरी न्यायची मुभा होती. दार लावून हे शेजारी बसायचे आणि मी मारायचे. आमच्यात बाईने भाता ओढावा, चिंचेने तांबं घासावं. हातोड्याला हात लावायचा नाही. सासूबाई तर हातोडा ओलांडूही देत नसत. पण पोटाला काय सांगणार? आशुतोष तेव्हा पेणला मामाकडे शिकत होता. त्याला काही माहीत नाही.

मी डावखुरी. लहानपणी मार खाऊन जेवणापुरता हात बदलला, बाकी कामाला डावाच. त्यामुळे ओळी उलट्या चढायच्या. हे ओरडायचे, "उलटं, उलटं! लोक काय म्हणतील?" लोक काहीच म्हणाले नाहीत. कारखान्याच्या शेठना आवडलं.

घंगाळ पोचवलं त्या दिवशी शेठनी ह्यांना शाल-नारळ दिला. हे घरी आले, शाल ट्रंकेवर टाकली आणि भिंतीकडे तोंड करून जेवले. मी विचारलं, "मीठ कमी आहे का?" त्यानंतर दोन वर्षं जगले. बोलले ते कामापुरतं. भाजी आण. दार लाव. शेवटी पाणी मागितलं तेसुद्धा शेजारच्या शकुबाईंकडे. मी उशाशी होते.

शाल मी कधी पांघरली नाही. टाकलीही नाही.

२८ जानेवारी, रविवार

शहजादभाई केळी घेऊन आले. हातोडा काढून दिला. त्यांनी मुठीत धरला. सोडला, पुन्हा धरला. दांड्याला अंगठ्याच्या जागी खळगा पडलाय, तो उजव्या हातात बसेना.

"उस्ताद डावखुरे होते काय?"

मी 'हो' म्हणायला हवं होतं. एक अक्षर!

आशुतोषच बोलला, "छे हो, बाबा उजवे. फटके खाल्लेत ना मी, मला विचारा!" गीतांजली हसली. शहजादभाई हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. मी डाव्या हाताने चहा गाळत होते.

"माझा आहे तो," मी म्हटलं. "घंगाळही मीच मठारलंय."

गीतांजली ओरडलीच, "अय्या आई! आणि इतकी वर्षं गप्प? मग पाटीवर तुमचं नाव पाहिजे!" आशुतोष कप तसाच ठेवून बाहेर गेला.

शहजादभाईंनी हातोडा टेबलावर ठेवला. नेला नाही. "मी शेठना विचारतो, बाई. तुमी टेन्शन घेऊ नका."

सांगून टाकल्यावर बरं वाटलं. खोटं कशाला लिहू! अकरा वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. आशुतोष परत येईपर्यंत.

३१ जानेवारी, बुधवार

तीन दिवस बोलत नाही. आज मीच विषय काढला. म्हणाला, "लोकांचे बाप घर ठेवतात, शेत ठेवतात. माझ्या बापाने एक घंगाळ ठेवलं होतं. तेही तुला हवं होतं?"

"अरे, मी केलं होतं ते."

"मग त्यांनी काय केलं, आई? ते सांग."

मला सांगता आलं नाही. बोटावर मोजत बसले. हे सायकलवरून भांडी न्यायचे. ठोका चुकला की नुसत्या आवाजावरून ओळखायचे. हे सांगायला हवं होतं, ते आता आठवतंय.

जेवताना भिंतीकडे तोंड करून बसला. हुबेहूब.

३ फेब्रुवारी, शनिवार

एक माणूस घंगाळापायी गेला. दुसरा घालवायची ताकद नाही.

आशुतोषला म्हटलं, फोन करते, सांगते म्हातारीचं डोकं फिरलं होतं, काम ह्यांचंच. गीतांजली भडकली. "अजिबात नाही आई! स्वतःच्या हाताने स्वतःला पुसता?" आशुतोष तिला म्हणाला, "तू मध्ये पडू नकोस." मला म्हणाला, "कर फोन."

आज माझ्याकडे तोंड करून जेवला. आमटी दोनदा मागितली. पुढच्या रविवारी ऑफिसच्या साहेबांना कारखान्यात नेणार आहे. बाबांचं नाव दाखवायला.

६ फेब्रुवारी, मंगळवार

परवा बूथ बंद, काल त्यांची सुट्टी. आज बूथवरून फोन केला. म्हटलं, मी खोटं बोलले, घंगाळ ह्यांचंच.

शहजादभाई म्हणाले, "आता काय उपेग नाय, बाई. शेठ बोलले, नवरा-बायकोची भानगड आपल्याकडे नको. शनिवारीच पाटी बदलली. 'कारागीर अज्ञात'."

घरी आले. आशुतोषने विचारलं, "झालं?"

म्हटलं, झालं.